आटीची पट्टी

उद्यमनगरात, गल्लीच्या टोकाला,
याकोब आवळे लाकडाचे साचे करायचा.
सागवानी. पंपाचे, पुलीचे, उसाच्या चरकाच्या दात्यांचे.
त्याची पट्टी वेगळी होती.
तिच्यावरचा सेंटीमीटर
आपल्यापेक्षा केसभर मोठा.
"लोखंड थंड झालं की आटतंय," तो म्हणायचा,
"म्हणून साचा थोरला धरायचा.
खाली उतरतं ते आटूनच उतरतं, पोरी."

मी तपासणीला होते.
दिवसभर हातोडीनं टकटक.
खणखणलं तर पास,
बद्द वाजलं तर लाल खडूची फुली
आणि फुलीचं परत भट्टीत.

भट्टी तापेपर्यंत तो सांगत बसायचा
मिशनच्या कपाटातल्या, वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या
एका पुस्तकातलं:
हे जग वरच्या देवानं नाही केलं.
केलं एका कारागिरानं,
तोंड सिंहाचं, अंग सापाचं, डोळ्यांनी आंधळा.
अंधारात चाचपला, हाताला दुसरं कोणी लागलं नाही,
म्हणून ओरडला, "हितला मालक मीच!"
मग सात आभाळांवर सात मुकादम नेमले.
एकाचं तोंड मेंढीचं, एकाचं गाढवाचं,
एक तरस, एक माकड.
"बाकीची तोंडं वाळवीनं खाल्ली," याकोब हसायचा,
"पण कुठल्याबी हापिसात जा, भेटतीलच."

त्या सातांनी वाळू चाळली, माणूस ओतला.
ओतीव अंग पडूनच. उठेना.
थोरल्यानं वाकून फुंकर घातली
आणि तिथंच फसला.
ती फुंकर त्याची नव्हती,
आईकडून आलेली, नकळत छातीत राहिलेली.
"मग?"
"मग काय? ब्लो-होल.
तू जिच्यावर फुली मारतीस न्हवं, तीच."

हिंदुराव पळी उचलता उचलता ओरडला,
"जाळ आणि धूर संगटच, याकोबा!"
सगळे हसले.
याकोब नाही हसला.
"त्येच म्हणतोय मी. संगटच हाय.
येगळं कसं करायचं तेवढं सांग."

तो मार्चअखेरीला गेला, ऑर्डरींच्या गर्दीत.
पुस्तकात होतं म्हणे, वर जाताना सात नाके लागतात,
खिडकीतून एकेक थोबाड विचारतं,
कुठला? कुणाचा? काय घेऊन निघालास?
उत्तर चुकलं की परत भट्टीत.
उत्तराचं पान वाळवीच्या पोटात.
मातीवरून परतताना शिरोली नाका लागला,
जिथं टोलच्या केबिनी होत्या
आणि गावानं राहू दिल्या नाहीत.
तेव्हा मला कळलं, याकोब काय म्हणाला असेल.
टोपी काढून, अगदी अदबीनं,
"कोल्हापूरचा. टोल देणार न्हाई."

शलोमीबाईंनी पट्टी मला दिली.
मी रंकाळ्याच्या कठड्याचा दगड मोजला,
शिफ्टच्या डब्यातली भाकरी मोजली,
माझा तळवा.
काहीच पुरं भरेना.
किरणोत्सवाला देवळात उभी होते,
ऊन अंबाबाईच्या पायांवर आलं, कमरेपर्यंत चढलं,
आणि थांबलं.
"मधी कुणाचा तरी मजला आलाय," मागची बाई म्हणाली.
मी पिशवीत हात घालून पट्टी चाचपली,
कुणाचा ते विचारलं नाही.

आज एक पंप बद्द वाजला.
परत वाजवला. परत बद्द.
खडू काढला, कान लावला.
आत कोणीतरी श्वास धरून बसलंय असं.
इकडं तिकडं बघितलं,
खडू खिशात टाकला.

कागलकडच्या कुठल्यातरी विहिरीवर
तो गळेल, मला माहीत आहे.
रात्रीची वीज आली की कुणीतरी
चिखलात उभा राहून शिव्या देईल,
तपासणाऱ्याला, म्हणजे मला.
त्याचं काही चुकत नाही.